अर्धवट दिसणारा कागद

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिल्या असतील. रेघ स्वच्छ हवी, खाडाखोड नको, हे तेव्हा मनावर ठसलेलं असतं. म्हणून इमारतींचं भराभर काढलेलं पेन्सिल-स्केच समोर आलं की आपण म्हणतो, ‘हे तर अर्धवटच आहे!’ आणि पुढे सरकतो. आज अशाच कागदापाशी थोडं थांबू या.

इंग्रज चित्रकार टर्नर सप्टेंबर १८१९मध्ये पहिल्यांदा व्हेनिसला गेला. मुक्काम आठवडाभराचाही नव्हता, तरी लहानशा वह्यांमध्ये त्याने शंभराहून जास्त रेखाटनं केली. पेन्सिलीला ना पाणी लागतं, ना वाळण्याची वाट पाहावी लागते. त्याच दौऱ्यात तो म्हणाल्याची नोंद आहे, की एका रंगीत चित्राच्या वेळात पेन्सिलीची पंधरा-सोळा होतात.

या वह्या लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत आणि पानं त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एखादं पान उघडा आणि आधी डोळे किलकिले करून बघा. बारकावे विरतील आणि उभ्या-आडव्या मुख्य रेघा तेवढ्या उरतील. घुमट कुठे, मनोरा किती उंच, पाण्याची कड कुठे, हे एवढ्यानेच कळतं का? कळत असेल, तर चित्र पायावर उभं आहे.

मग जवळ या. महालाच्या खिडक्यांची रांग पाहा. दोन-तीन खिडक्या कमानीसकट नीट काढलेल्या, पुढच्या नुसत्या आकड्यांसारख्या वळणांच्या, आणि शेवटी काहीच नाही. तरी आपल्याला अख्खी रांग दिसते. उरलेल्या खिडक्या आपण काढलेल्या असतात! व्हेनिसच्या सान मार्को चौकातला उंच मनोरा पानात मावेना, तेव्हा टर्नरने त्याचं टोक बाजूच्या मोकळ्या आकाशात वेगळं काढून ठेवलं. मला ही पानं फार आवडतात, कारण त्याचं लक्ष कशावर होतं ते तिथे उघड दिसतं.

आता रेघेचं वजन पाहा. ग्राफाइटवर हात हलका पडला की रेघ राखाडी उमटते, दाबला की काळी. छज्ज्याखाली, कमानीच्या पोटात ती गडद होते, कारण तिथे सावली आहे. उन्हाच्या बाजूला रेघ मध्येच तुटते. ती तुटलेली जागा म्हणजे ऊन. समोरच्या पानावर उमटलेला पुसट डागसुद्धा बघा, तो वही मिटल्यावर लागलेला असतो.

एवढी मोकळीक घ्यायला हात आधी तयार असावा लागतो. टर्नर लहानपणी थॉमस मॉल्टन या इमारतींच्या चित्रकाराकडे शिकला, आणि १८०७मध्ये रॉयल अकॅडमीत यथार्थदर्शनाचा (पर्स्पेक्टिव्हचा) प्राध्यापक झाला. प्रमाण पक्कं असल्यामुळेच त्याला तपशील सोडता आला. प्रमाण चुकलेल्या स्केचमध्ये सोडलेली जागा नुसती रिकामी दिसते. हा फरक ओळखायला लागलात, की निम्मं काम झालं.

पुढे १८३३मध्ये त्याने व्हेनिसची पहिली तैलचित्रं प्रदर्शनात मांडली, तेव्हा तो दुसऱ्यांदा तिथे गेलेलाही नव्हता. चौदा वर्षांपूर्वीची ही रेखाटनं त्याच्या हाताशी होती.