सवाल विचारा, यंत्रालाही आणि माणसालाही

आज मी पायथन शिकवणार नाही. पायथन शिकताना अडलं, तर मदत कुठे शोधायची एवढंच सांगणार आहे. भाषा अवघड वाटली म्हणून शिकणं सोडणारे मला कमी भेटतात. विचारायला कोणी नाही म्हणून सोडणारे जास्त. आणि मुलींना तर ‘ज्यादा सवाल मत कर’ हे घरातूनच ऐकवलेलं असतं.

एक साधा हिशोब घेऊ. मोहल्ल्यातली भिशी. दोघींनी प्रत्येकी ५०० रुपये दिले. दोन रकमा विचारून त्यांची बेरीज सांगणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला, आणि उत्तर आलं ५००५००. यंत्राने चूक दाखवली नाही, तरी हिशोब चुकला. आता कुणाला विचारायचं?

आधी पायथनलाच विचारा. ‘हेल्प’ लिहून कंसात ‘इनपुट’ लिहा. माहिती येते की ‘इनपुट’ मजकूर वाचतं. म्हणजे तुमचे ५०० हे त्याच्या लेखी आकडा नसून अक्षरं आहेत, आणि अक्षरं शेजारी शेजारी जोडली जातात. शंका असेल तर ‘टाइप’ वापरून तपासा. ही मदत पायथनसोबतच येते, तिला फी नाही. उपाय म्हणजे ‘इंट’ वापरून मजकुराची संख्या करायची. गंमत म्हणजे कुणी मराठी आकड्यांत ‘५००’ टाइप केलं, उर्दू आकड्यांत केलं, तरी ‘इंट’ला ते समजतं.

पण कुणी अक्षरांत ‘पाचशे’ लिहिलं, तर लाल मजकूर येतो. घाबरू नका. शेवटची ओळ आधी वाचा. तिथे चुकीचा प्रकार लिहिलेला असतो, ‘व्हॅल्यू एरर’, आणि पुढे ‘पाचशे’ हा शब्दही. त्याच्या वर ओळीचा क्रमांक असतो. एवढं समजायला फाडफाड इंग्रजी लागत नाही. आठ-दहा शब्द ओळखीचे झाले की पुरतं.

पुस्तक घेताना मात्र आवृत्ती पाहा. पायथन २चा सांभाळ १ जानेवारी २०२० पासून थांबला आहे. रद्दीच्या दुकानातल्या जुन्या पुस्तकात ‘प्रिंट’पुढे कंस नसेल, तर ते पुस्तक पायथन २चं. त्यातला कोड आज चालला नाही, तर दोष स्वतःला देऊ नका. पायथनची अधिकृत शिकवणी संकेतस्थळावर फुकट आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात मराठीतूनही धडे मिळतात. संगणक नसेल तर अँड्रॉइड फोनवर ‘पायड्रॉइड ३’ चालतं, तेही इंटरनेटशिवाय. हजारो रुपयांच्या क्लासची पावती फाडण्याआधी महिनाभर एवढं करून पाहा.

यानंतर माणसाकडे जा. पण ‘माझा प्रोग्राम चालत नाही’ एवढ्यावर कुणीही मदत करू शकत नाही. तीन गोष्टी सांगा: काय करायचं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि तुम्ही काय काय करून पाहिलं. चुकीचा संदेश जसाच्या तसा द्या. कोड कापून कापून इतका लहान करा की फक्त अडचण उरेल. अनेकदा हे करतानाच उत्तर सापडतं. एआयला विचारायलाही हरकत नाही, पण त्याचं उत्तर चालवून पाहिल्याशिवाय खरं मानू नका. दोन रकमा घ्या, बेरीज तोंडी करा, मग ताडून पाहा.

ही काही फक्त संगणकाची शिस्त नाही. कुणी मोठ्या आवाजात सांगितलं म्हणून मानायचं नाही, तपासून मानायचं, हेच आपण चळवळीत एकमेकांना सांगत आलो आहोत. सवाल करणं म्हणजे बेअदबी नव्हे.

शेवटी एक विनंती. ज्याला चार गोष्टी येतात, त्याने आठवड्यातला एक तास मोहल्ल्यात बसावं, मुलींना मोकळेपणाने येता येईल अशा जागी आणि अशा वेळी. कुणी अगदी साधा प्रश्न विचारला तर हसू नका. हसलात, तर तो मुलगा किंवा ती मुलगी पुन्हा विचारणार नाही, कोडबद्दल नाही आणि दुसऱ्या कशाबद्दलही नाही.

आता तुमचे सवाल येऊ द्या.