निहाली कोणत्या घरची?

(कागल पंचतारांकित एमआयडीसीतील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान, संक्षिप्त)

मित्रहो, पहिली पाळी करून थेट इथं आलात, तेव्हा पाल्हाळ लावत नाही. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्यांना कन्नडमधले एरडू, मूरू, नाल्कू शिकवायला नको. आता बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदकडे निहाली बोलणारे कसे मोजतात ते ऐका: बिडुम, इरार, मोथो, नालो. दोन, तीन, चार ओळखीचे वाटले ना? मग भाषा द्राविडी ठरली?

नाही. आकडे बाजारातून येतात. निहालीत पाचपासून पुढचे आकडे तर आपल्याच आर्य भाषांकडून घेतलेले आहेत. पाण्याला ‘जोप्पो’, डोळ्याला ‘जिकिट’ म्हणतात. कन्नडमध्ये नीरू आणि कण्णू. शेजारची कोरकू पाहावी, तर तिथं डा आणि मेड.

कोरकूचं घर मात्र पक्कं आहे. तिचे तीन-चार म्हणजे आफई, उफुन. कारखान्यात झारखंडचा संथाळी मित्र असेल तर विचारा, तो पे, पोन म्हणेल. व्हिएतनाममध्ये बा, बोन. मेळघाटापासून व्हिएतनामपर्यंत एकच कुळ, ऑस्ट्रो-आशियाई! इथं नुसत्या आकड्यांवर भिस्त नाही. मूळ शब्द आणि व्याकरणही साक्ष देतात.

ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात निहाली याच कुळातल्या मुंडा गटात, कोरकूशेजारी बसली. डच पंडित कायपर यांनी 1962 साली शब्द निवडून पाहिले. कोरकूचे पुष्कळ, द्राविडी थोडे. पण जवळपास चोवीस टक्के शब्दांना कुठंच नातेवाईक मिळेना. ही चोरभाषा असावी, अशीही शंका त्यांनी घेतली. मला ती पटत नाही. शब्द लपवायला का होईना, आले कुठून?

शब्दांनी निकाल लागत नसेल, तर सर्वनामं पाहू. पापुआ न्यू गिनीत आठशेवर भाषा, आणि कित्येकींच्या शब्दयाद्या तोकड्या. म्हणून माल्कम रॉस यांनी 2005 साली सर्वनामांवरून कुळं लावली. ‘मी’ आणि ‘तू’ सहसा कोणी उसने घेत नाही. निहालीत तू म्हणजे ‘ने’, कन्नड ‘नीनु’च्या जवळचा. पण मी म्हणजे ‘जो’. त्याला ना कन्नड ओळख देते, ना कोरकू.

व्याकरणाचा आधार घ्यावा, तर आपलं कुपवाड आठवा. तिथली मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदून वाक्यरचनेत इतक्या सारख्या झाल्या, की शब्दाला शब्द ठेवत जावं. गम्पर्झ आणि विल्सन यांनी 1971 साली हे जगापुढं मांडलं. म्हणजे शेजारानं व्याकरणही बदलतं. साम्य दिसलं की नातं, असा हिशेब चालत नाही.

म्हणून निहाली एकाकी भाषा, असंच मी मानतो. बळेच कुणाच्या तरी घरात कोंबण्यापेक्षा रकाना रिकामा ठेवणं प्रामाणिकपणाचं. आशा मुंडले यांचा निहाली शब्दसंग्रह 1996 साली छापून आला. त्यावर अजून पुष्कळ काम व्हायला हवं. तुमच्या मुलांपैकी कोणी भाषाविज्ञानाकडं वळलं, तर त्याला जळगाव जामोदची वाट दाखवा. निहाली बोलणारे अडीच हजारांच्या आसपास उरलेत, आणि दहा हजारांखालच्या भाषा आपली जनगणना 1971 पासून स्वतंत्र दाखवत नाही.