मी काढायला लावलेली चिप

आज एका चिपची गोष्ट सांगतो. ती डिझाइनमध्ये होती आणि मी ती काढायला लावली.

फौजेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं मी दळणवळणाची उपकरणं बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत सल्लागार होतो. आमच्या पेटीत पुढून स्विचचं कार्ड, मागून फायबरची कार्डं आणि मधे बॅकप्लेन, म्हणजे सगळी कार्डं ज्यात खोचतात तो मोठा सर्किट बोर्ड. स्विचचं पोर्ट १० गिगाबिटचं, फायबरचं एसएफपी प्लस मॉड्यूलही १० गिगाबिटचं. आमच्या तरुण इंजिनिअर मुलीनं दोघांच्या मधे एक फाय चिप घातली होती. मी म्हटलं, दोघंही दहाचे आहेत, मग हा मध्यस्थ कशाला? वीज खातो, जागा खातो, पैसे खातो. ती म्हणाली, "सर, लागेल." मी म्हटलं, काढा.

आता मला काय कळलं नव्हतं ते सांगतो. स्विचचं पोर्ट बोलत होतं ती भाषा १०जीबेस-केआर. आयईईई ८०२.३एपी या २००७ च्या मानकातली. खास बॅकप्लेनसाठी केलेली: एक मीटरपर्यंत तांबं, वाटेत दोन कनेक्टर. इथे एक बिट साधारण ९७ पिकोसेकंदांचा असतो. बोर्डवरच्या तांब्यात मोजला तर जेमतेम दीड सेंटिमीटर लांब. अशा वाटेवर सिग्नल सुमारे २५ डेसिबल घटू शकतो, म्हणजे व्होल्टेजचा अठरावा भाग उरतो. तोही एकसारखा घटत नाही. वेगानं बदलणारा भाग जास्त मरतो आणि एका बिटाची शेपटी पुढच्या बिटावर पडते.

म्हणून केआरमध्ये दोन टोकं आधी बोलून घेतात. पहिल्यांदा ऑटो-निगोशिएशन, मग ट्रेनिंग. ऐकणारा बोलणाऱ्याला सांगतो: हे थोडं वाढव, ते थोडं कमी कर, बास, आता असंच ठेव. पाठवणाऱ्याकडे त्यासाठी तीन गुणक असतात आणि सगळं अर्ध्या सेकंदात आटपायचं असतं. आमच्याकडे वायरलेस सेट सुरू केला की पहिलं विचारायचं, माझा आवाज कसा येतोय? तेच हे. आयुष्यभर ते विचारलेल्या माणसानं इथे मात्र विचारलं नाही.

कारण मॉड्यूल उत्तरच देत नाही. आलेलं व्होल्टेज घ्यायचं आणि तसा लेझर चालवायचा, एवढंच त्याचं काम. आधीच्या एक्सएफपी मॉड्यूलमध्ये सिग्नल नव्यानं घड्याळावर बसवणारं सर्किट आत असायचं. एसएफपी प्लसमध्ये ते बाहेर काढून यजमान कार्डावर टाकलं. म्हणून मॉड्यूल लहान आणि स्वस्त झालं. पण त्याची अपेक्षा अशी की शेजारच्याच चिपकडून, काही इंचांवरून, स्वच्छ सिग्नल येईल. आमच्याकडे ४५ सेंटिमीटर आणि दोन कनेक्टर होते.

पहिलं कार्ड आलं. लेझर लागलेला, पॉवर मीटरवर आकडा बरोबर, लिंक मात्र येईना. स्विच बिचारा मॉड्यूलच्या उत्तराची वाट बघत बसलेला. आम्ही ऑटो-निगोशिएशन आणि ट्रेनिंग बंद केलं, तीन गुणक हातानं भरले आणि लिंक आली. मी त्या मुलीकडे बघून हसलोसुद्धा. आजही ते आठवलं की लाज वाटते.

पेट्या राजस्थानात जायच्या होत्या, म्हणून ५५ अंशांच्या चेंबरमध्ये ठेवल्या. पलीकडच्या स्विचवर सीआरसीच्या चुका धडाधड वाढू लागल्या. आमच्या बाजूला शून्य. मी फायबर बदलायला सांगितलं, मॉड्यूल बदलायला सांगितलं. ती मुलगी शांतपणे म्हणाली, "सर, चुका एकाच दिशेनं आहेत." तिथे सगळा उलगडा होता. फायबरकडून येणारा सिग्नल तांब्यावरून स्विचकडे जातो तेव्हा स्विचच्या रिसीव्हरमध्ये ताकदवान इक्वलायझर असतो, तो सावरून घेतो. उलट दिशेला मॉड्यूलमध्ये तसं काहीच नाही. जे मळकं आत गेलं ते मळकंच प्रकाशावर चढलं. बोर्डचं एफआर-४ तापलं की क्षय वाढतो आणि आमचे गुणक तर गार खोलीत ठरवलेले. शिवाय प्रत्येक स्लॉटची लांबी वेगळी; एकाला बसलेले आकडे दुसऱ्याला बसेनात.

कार्ड पुन्हा बनवावं लागलं. सहा आठवडे उशीर झाला आणि ग्राहकाला पत्र मी माझ्या सहीनं लिहिलं. चिप परत आली, मॉड्यूलच्या पिंजऱ्याला अगदी चिकटून. घेताना तिनं मला आणखी एक दाखवलं: '१० गिगाबिट रिटायमर' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चिपा फक्त बिट नीट करून पुढे ढकलतात, केआरच्या संभाषणाला स्वतः उत्तर देत नाहीत. आम्हाला उत्तर देणारी हवी होती. बॅकप्लेनच्या बाजूला ऑटो-निगोशिएशन आणि ट्रेनिंग चालू, मॉड्यूलच्या बाजूला दोन्ही बंद.

यातही एक खोच निघाली. मधे चिप आली की तांब्याची लिंक तिथेच पुरी होते. बाहेरचं फायबर तुटलं तरी स्विचला सगळं आलबेल दिसू शकतं आणि तो त्याच वाटेनं डेटा ओतत राहतो. म्हणून प्रकाश गेला की चिपनं स्विचकडे दोषाचा संकेत पाठवला पाहिजे, आणि ते सेटिंग आमच्या चिपमध्ये मुळात बंद होतं. हेही तिलाच सापडलं. चाचणीच्या यादीत तिनं पहिलीच ओळ घातली: फायबर उपटा आणि स्विचवरचा लिंकचा दिवा विझतो का ते बघा.