नकारानंतरची यादी



आंतरराष्ट्रीय संबंध या विषयात एम.ए. होऊन पीएच.डी.साठी चार-पाच ठिकाणी अर्ज केले आणि सगळीकडून नकार आला, अशा मुलामुलींविषयी मला बोलावयाचे आहे. अशा घरात लगेच दोन सल्ले सुरू होतात: "पुरे झाले, आता नोकरी बघ," किंवा "तेच अर्ज पुढच्या वर्षी पुन्हा कर." मुलगी असेल तर तिसरा सल्लाही तयारच असतो. तो आपणास ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच, की आधी नकार कशामुळे आला ते पाहावे.

हा प्रवेश केवळ टक्केवारीवर होत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ संशोधक विद्यार्थीच असू शकतात. जागा रिकामी नसेल, किंवा आपल्या विषयाचा मार्गदर्शकच तेथे नसेल, तर हुशार विद्यार्थीही बाहेर राहतो. म्हणून नवी यादी विद्यापीठांच्या नावांवरून नव्हे, तर मार्गदर्शकांच्या लेखनावरून करावी. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाकडे सर्वांचे डोळे लागतात, ते साहजिक आहे. १९५५ साली निघालेली इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज १९७० मध्ये त्यातच विलीन झाली. परंतु जामिया मिल्लिया आहे, कोलकात्याचे जादवपूर आहे, पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभागही आहे.

विषयही तपासावा. 'जागतिक शांतता' हा विषय आभाळाएवढा आहे. त्यावर प्रबंध होत नाही. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतून माणसे आखातात गेली. त्या कामगारांच्या हक्कांसंबंधी भारताने आखाती देशांशी कोणते करार केले, हा प्रश्न मात्र हाती धरता येतो. उर्दू वाचणाऱ्या मुलाला अरबी लिपी परकी नसते. हे आपल्या मुलांचे भांडवल अर्जात क्वचितच दिसते, याचे मला नवल वाटते.

परदेशाचा विचार असेल तर एक भेद लक्षात घ्यावा. इंग्लंडात संशोधनाचा आराखडा आधीच नेमका लागतो आणि काम साधारण तीन-चार वर्षांचे असते. अमेरिकेत पाच-सहा वर्षे लागतात, पण पहिली दोनेक वर्षे अभ्यासक्रमाची असल्याने विषय हळूहळू पक्का होतो. चांगल्या विभागांत फी माफ होऊन निर्वाहभत्ताही मिळतो. आराखडा कच्चा म्हणून एकीकडे नाकारलेला विद्यार्थी दुसरीकडे बसू शकतो.

पैशाबद्दल स्पष्ट बोलतो. अल्पसंख्याक संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. कनिष्ठ संशोधन फेलोशिप २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, पण ती 'नेट' परीक्षेत वरच्या गुणांवर मिळते. फेलोशिपशिवाय परदेशी प्रवेश मिळाला म्हणून घर गहाण टाकू नये. मी तरी पालकांना तसे सांगणार नाही.

२०२४ पासून 'नेट'चे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जाऊ लागले. फेलोशिप नसलेल्यांसाठी या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के महत्त्व असते आणि हे गुण एकच वर्ष चालतात. अमेरिकेच्या अर्जांची मुदत बहुधा डिसेंबरात संपते. तेव्हा शिफारसपत्रांसाठी आपल्या प्राध्यापकांना दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच भेटावे, आणि जाताना जुना अर्ज व नवा आराखडा दोन्ही न्यावेत.