पाण्याचे नाव आणि पाण्याची पत

व्यापारात नाव लावणे सोपे आणि पत मिळविणे अवघड, हा अनुभव जुनाच आहे. कापडाचा पोत हाताला कळतो, धान्याची प्रत डोळ्यांना दिसते. पाण्याचे तसे नाही. पेल्यातले निर्मळ पाणी निर्दोष आहे की नाही, हे पिणाऱ्याला स्वतः ठरविता येत नाही; त्याला दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून पाण्याचा व्यवसाय हा मुळात विश्वासाचा व्यवसाय होय. त्यातही एकदा वापरलेले पाणी शुद्ध करून पुन्हा विकावयाचे, तर हा विश्वास संपादन करणे यंत्रे उभारण्याहूनही बिकट ठरते.

सिंगापूरचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. या नगरराज्यास मोठी नदी नाही. शेजारच्या जोहोर राज्यातून १९६२ च्या करारान्वये येणाऱ्या पाण्याची मुदत २०६१ साली संपावयाची आहे. तेव्हा वापरलेले पाणी पुन्हा उपयोगात आणण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७४ साली तेथे केलेला असा पहिला प्रयोग खर्च परवडेना म्हणून सोडून द्यावा लागला. पुढे सूक्ष्म पडद्यांतून पाणी गाळण्याची विद्या स्वस्त झाली आणि २००० साली बेडोक येथे प्रायोगिक केंद्र सुरू झाले. दोन वर्षे कसून परीक्षणे झाली. २००२ साली तज्ज्ञांच्या समितीने पाणी निर्दोष असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या राष्ट्रदिनी पंतप्रधान गोह चोक टोंग आणि सुमारे साठ हजार नागरिक यांनी ‘न्यूवॉटर’ हे नाव ल्यालेल्या बाटल्यांतील पाणी एकत्र प्राशन केले. २००३ साली लोकांसाठी खास दर्शनकेंद्र उघडण्यात आले. ते २०२४ पर्यंत चालू होते, आणि शाळकरी मुलांनाही तेथे शुद्धीकरणाची क्रिया प्रत्यक्ष पाहता येत असे.

तेथील पाणीखात्याने शब्दही बदलले. सांडपाण्यास ‘वापरलेले पाणी’ म्हणावयाचे ठरले. हा केवळ शब्दच्छल आहे, असा आक्षेप घेता येईल. परंतु आपल्याच भाषेत पाहा: ‘सांडपाणी’ म्हणजे सांडून द्यावयाचे पाणी. त्या शब्दातच निकाल देऊन ठेवलेला आहे. मात्र नव्या नावामागे परीक्षणांचे पाठबळ होते, म्हणूनच ते टिकले.

याच्या उलट ऑस्ट्रेलियातील टूवूम्बा नगराची कथा. अवर्षणाने गांजलेल्या या नगरात शुद्ध केलेले पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळण्याची योजना २००६ साली मतदानास टाकण्यात आली आणि सुमारे बासष्ट टक्के मतदारांनी ती फेटाळली. विरोधकांनी आपल्या संघटनेच्या नावातच ‘सांडपाणी पिण्याविरुद्ध’ असे शब्द घातले होते. विक्रेत्याने आपल्या मालास नाव दिले नाही, तर प्रतिपक्ष ते देतो, आणि मग तेच लोकांच्या तोंडी बसते.

आपल्या देशातही हा व्यवहार सुरू झाला आहे. नागपूरचे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास पुरविले जाते. चेन्नईत २०१९ साली प्रत्येकी दररोज साडेचार कोटी लिटर क्षमतेची दोन केंद्रे कारखान्यांसाठी सुरू झाली. कारखानदाराला पाण्याची प्रत तपासून घेता येते. गृहिणीला ते साधन नाही. उद्या हेच पाणी घराघरांत न्यावयाचे झाले, तर तिची शंका कोण फेडणार?

येथेच संकेतस्थळाचे खरे प्रयोजन आहे. दर्शनकेंद्रास जाऊ शकणारे थोडे. परंतु भ्रमणध्वनीच्या पडद्यावर परीक्षणाचा आकडा पाहू शकणारे असंख्य. तेथे डोंगरातील झऱ्यांची रंगीत चित्रे लावून काय साधणार? पाणी कोठून आले, कोणत्या दिवशी तपासले, काय आढळले, कोणी तक्रार केली आणि तिचे निवारण कसे झाले, हे साध्या मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत लिहिलेले असावे. जो दिवस वाईट गेला त्याचाही आकडा तेथे असावा. किंबहुना तो असेल तरच चांगल्या दिवसांचे आकडे खरे वाटतील.

सावकाराची पत त्याच्या पाटीवर नव्हे, त्याच्या वहीवर अवलंबून असे. पाणी विकणाऱ्यानेही आपली वही सर्वांना वाचता येईल अशी उघडी ठेवावी.