युरियाच्या गोणीतला वायू

(काठी, ता. अक्कलकुवा येथील बैठकीतील भाषण)



धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, त्यापासून रसायने करायची आणि त्या मालाला 'हिरवा' म्हणायचे, अशी भाषा आता कारखानदार आणि सरकार दोघेही बोलतात. मुंबईच्या आयआयटीत २०२२ साली या कामासाठी राष्ट्रीय केंद्र मंजूर झाले. आम्ही म्हणतो, यात नवे काही नाही. तुमच्या घरातली युरियाची गोणी म्हणजे हाच माल.

अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्सचा कारखाना आहे. तेथे नैसर्गिक वायूतून हायड्रोजन काढतात आणि हवेतल्या नत्राशी जोडून अमोनिया करतात. हायड्रोजन काढताना सुटलेला कार्बन डायऑक्साइड मोठ्या दाबाखाली अमोनियाशी जोडला की युरिया तयार होतो. ४५ किलोच्या गोणीला असा सुमारे ३३ किलो वायू लागतो.

मग युरिया हिरवा झाला का? नाही. शेतात ओल लागताच युरिया फुटतो आणि तो वायू बहुतेक पुन्हा हवेत जातो. मागे राहतो अमोनिया. खत उघड्यावर फेकले तर तोही उडतो. म्हणून कपाशी-ज्वारीला युरिया ओलीवर आणि मातीआड द्या. आपण पैसा मोजतो तो नत्राचा.

दुसरी गोष्ट. काठीच्या होळीत लाकूड जळते, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. हा वायू म्हणजे एका अर्थी राखच. त्यापासून पुन्हा इंधन करायचे तर आगीने दिली त्याहून जास्त ऊर्जा परत घालावी लागते. ती कोळशाची असेल तर सगळा व्यवहार आतबट्ट्याचा. ती उन्हावाऱ्याची असेल आणि हायड्रोजन पाण्यातून काढलेला असेल, तरच 'हिरवा' शब्दाला अर्थ.

पण पाण्यातून हायड्रोजन काढला की त्याच्याबरोबर हा वायू निघत नाही. युरियासाठी तो बाहेरून आणावा लागेल. धान्यापासून एक लिटर इथेनॉल करताना सुमारे पाऊण किलो, जवळजवळ शुद्ध वायू निघतो. मूळ तो आपल्याच पिकाने हवेतून उन्हावर ओढलेला. त्याला उद्या भाव आला, तर तो कोणाच्या पदरात पडणार?

तेव्हा हिरव्या शिक्क्यावर भाळू नका. असा माल घेऊन कोणी आला तर तीन प्रश्न विचारा: वायू कुठला, ऊर्जा कशाची आणि भावात शेतकऱ्याचा वाटा किती?