दुसरं ऑपरेशन कशासाठी?

मी इनामगावहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक आहे, त्यामुळं माझ्या तोंडी नेहमी हप्ते आणि व्याज. आज ते बाजूला ठेवते.

आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलाचं नवव्या महिन्यात डोक्याचं ऑपरेशन झालं होतं. आता तो सात वर्षांचा आहे. कानशिलं खोल गेलीत, एक भुवई वर आहे, आणि डोक्यावर एका जागी बोट लावलं तर हाडच लागत नाही. शाळेत पोरं चिडवतात. सासूबाई म्हणतात, ऑपरेशन फसलं. मागच्या बैठकीत ताईनं दुसऱ्या ऑपरेशनसाठी कर्जाचा अर्ज ठेवला. एकजण म्हणाली, "मुलाची जात आहे, दिसण्यासाठी एवढा खर्च कशाला?" मला राग आला, पण उत्तर माझ्याकडंही नव्हतं. म्हणून न्हावरे-शिक्रापूरमार्गे ताईबरोबर पुण्याला गेले.

बाळाची कवटी एकसंध नसते. हाडांच्या मध्ये शिवणी असतात, मेंदू वाढेल तसा त्या वाव देतात. एखादी शिवण वेळेआधीच जुळली की डोकं तिथं वाढायचं थांबतं आणि दुसरीकडं फुगतं. मधली जुळली तर डोकं होडीसारखं लांबट, कपाळाच्या एका बाजूची जुळली तर कपाळ तिथं चपटं. साधारण दोन-अडीच हजार बाळांत एकाला हे होतं. एका कुशीवर निजून चपटं झालेलं डोकं कूस बदलत राहिलं की बरंचसं सुधारतं. जुळलेली शिवण मात्र मोहरीच्या उशीनं उघडत नाही, टाळू भरल्यानंही नाही. आणि ग्रहणात आईनं विळी धरली म्हणूनही हे होत नाही. ताईनं सात वर्षं हेच ऐकून घेतलंय.

डॉक्टरांनी सांगितलं, पहिलं ऑपरेशन मेंदूला जागा करून द्यायला होतं, ते काम झालंय. पण पुढं हाडं आपल्या वळणानं वाढतात, कानशिलाचा स्नायू बारीक राहतो, एखादी फट भरत नाही. तान्हेपणी उघडी जागा हाडानं आपोआप भरते, वय वाढेल तशी ती ताकद कमी होते.

आधी बघायचं ते मेंदूवर पुन्हा दाब येतोय का. सकाळी उठल्यावर डोकं दुखणं, उलट्या, नजर मंदावणं, शिकलेलं मागं पडणं, असं काही असेल तर थांबायचं नाही. डोळ्यांचे डॉक्टर पडद्यामागची नस तपासतात. आमच्या मुलाची नस चांगली निघाली. ताई तिथंच रडली.

मग राहिली ती फट. पोरगं दिवसभर क्रिकेट खेळतं, चेंडू तिथंच बसला तर? म्हणजे हे नुसतं दिसण्यासाठी नाही. मोठ्या मुलाच्या कवटीच्या हाडाला दोन थर असतात. भाकरीचा पापुद्रा सोडवावा तसा एक थर सोडवून फटीवर बसवतात. तान्ह्या बाळात हे थर नीट तयार झालेले नसतात, म्हणून थांबावं लागतं. कानशिलात पोटाची चरबी भरता येते. त्यातली थोडी जिरते, कधी पुन्हा भरावी लागते. चीर केसांत, कानापासून कानापर्यंत नागमोडी घेतात, म्हणजे व्रण केसांत लपतो. काही मुलांचा चेहऱ्याचा मधला भागही मागं राहतो. तो स्क्रू फिरवून रोज साधारण एक मिलीमीटर पुढं आणतात. जबड्याचं शेवटचं काम मात्र वाढ पुरी झाल्यावर, सोळा-अठराच्या पुढं. चेहऱ्याची हाडं अशी हलवता येतात, हे फ्रान्सच्या पॉल टेसिए या सर्जननं १९६७ साली रोममध्ये जगाला दाखवलं.

धोकाही ऐका. जुन्या व्रणामुळं आतली आवरणं चिकटलेली असतात, त्यामुळं दुसरं ऑपरेशन जास्त जिकिरीचं. रक्ताची सोय आधी लागते.

आमची खरी फजिती कागदांत झाली. पहिल्या वेळी कोणत्या पट्ट्या बसवल्या, हाड कुठून घेतलं, हे डॉक्टरांना हवं होतं, आणि डिस्चार्ज कार्ड दिवाळीच्या रंगकामात गेलेलं! सीटी स्कॅन पुन्हा काढावा लागला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारलं. जाताना रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या.

गटानं कर्ज मंजूर केलं, राहण्याच्या आणि बुडणाऱ्या मजुरीच्या खर्चासाठी. हरकत घेणाऱ्या बाईनंच अनुमोदन दिलं. नवी फाईल सध्या गटाच्या पेटीत, कुलपात आहे. तारीख उसाच्या हंगामानंतरची मिळाली आहे.